बेटावरच्या दीपगृहाचे टेंडर पावसाळ्यात काढा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातील ७५ दीपगृहे पर्यटनासाठी खुली झाल्याचे पंतप्रधानांनी जाहीर केले. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये अलिबागजवळच्या बेटावरचा खांदेरीही जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्या किल्ल्यावर १८६७ सालचे दीपगृह उभे आहे. या दोन्ही घटनांचा आम्हाला मनापासून आनंद आहे. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत रोज हात घालणारे म्हणून एक काळजीही वाटते. दीपगृहांसाठी आता पैसा येईल, पण तो ज्या महिन्यांत खर्च होतो त्या महिन्यांत चुन्याचे काम करता येत नाही, आणि मग सिमेंट वापरले जाते. बेटावर हा धोका सर्वांत मोठा आहे.

आम्हा बडोदेकरांना हा विषय परका नाही. ओखामंडळ हा बडोदे संस्थानाचाच मुलूख होता आणि ओखा बंदर संस्थानाने १९२६ मध्ये सुरू केले. तिथल्या बेट द्वारकेजवळ समियाणी बेटावर दीपगृह आहे. आपल्या आणखी जवळ, खंबातच्या आखातात घोघ्यासमोर पिरम बेट आहे. तिथला दगडी मनोरा १८६०च्या दशकातला, म्हणजे खांदेरीच्याच पिढीतला. पोर्टलँड सिमेंट आपल्याकडे सर्रास वापरात येण्याआधीची ही बांधकामे चुन्यात केलेली आहेत, आणि त्यांच्यावर काय करावे आणि काय टाळावे हे सगळे यावरूनच ठरते.

भिंत कशी खराब होते ते आधी सांगतो. समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक तुषार येतात आणि दगडाच्या व सांध्यांच्या छिद्रांत शिरतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर असेल तर मीठ विरघळलेले राहते, खाली आली की त्याचे स्फटिक बनतात. आर्द्रता रात्री वर जाते, दुपारी उतरते. म्हणजे कोरड्या महिन्यांत हा खेळ जवळजवळ रोज चालतो, आणि दर वेळी स्फटिक छिद्राच्या भिंतींवर आतून दाब देतात. चुन्याचे सांधे दगडापेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असतात, त्यामुळे ओल सांध्यांतून बाहेर पडते, खार सांध्यांवर फुटतो आणि झिज सांध्यांची होते. त्यासाठीच ते असतात. वीस-पंचवीस वर्षांनी दरजा खरवडून पुन्हा भरायच्या, दगड शाबूत राहतो.

याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओलीची वाट बंद होते. पाणी गिलाव्याच्या मागे साठते, मीठ दगडाच्या तोंडाशी जमते आणि पापुद्रे सुटतात ते दगडाचे. गिलावा वरून ठणठणीत दिसतो, ठोकला तर पोकळ वाजतो आणि एक दिवस हातभर तुकडा दगडाची साल घेऊन खाली येतो. वडोदऱ्यातल्या वाड्यांत हे कुणालाही पाहता येईल. जोत्याजवळची ओल झाकायला सिमेंट मारले की ती पुढच्या पावसाळ्यात त्याच्या वरच्या काठावर उगवते. प्लॅस्टिक रंगाचेही तेच. त्याला फोड येतात, फोडांत पाणी राहते. सिलिकॉनचे जलरोधक पाणी मारणे तर त्याहून वाईट, कारण खार त्या थराच्या आड फुटतो आणि थरासकट दगडाचा पापुद्रा ढकलून देतो.

हे सगळे कागदोपत्री बहुतेक अभियंत्यांना माहीत असते. तरी सिमेंट का येते? त्याचे कारण पंचांगात आणि हिशेबाच्या वहीत आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. मंजुरी, अंदाजपत्रक, टेंडर होता होता माघ उजाडतो. कार्यादेश हातात पडतो तेव्हा ठेकेदारासमोर जेमतेम तीन महिने असतात, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेटावर माल उतरवणे दुरापास्त. चुन्याला हे तीन महिने पुरत नाहीत. कळीचा, म्हणजे भट्टीतून आलेला कोरडा चुना पाण्यात विरवून निदान तीन आठवडे, शक्यतो तीन महिने खड्ड्यात पाण्याखाली ठेवावा लागतो. तसे न करता घाईने वापरला तर न विरलेले खडे भिंतीत गेल्यावर फुगतात आणि गिलाव्यावर वाटाण्याएवढे फोड उठतात. शिवाय चैत्र-वैशाखाच्या उन्हात आणि सुसाट वाऱ्यात ताजा चुना जमण्याआधीच वाळतो आणि भुसभुशीत होतो. सिमेंट मात्र दुसऱ्या दिवशी कडक होते, आणि बिल मार्चअखेर निघायचे असते. वेळापत्रक असे असेल तर प्रामाणिक ठेकेदारही सिमेंटकडेच वळणार.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की बेटांवरच्या दीपगृहांच्या दुरुस्तीचे टेंडर आषाढ-श्रावणात निघावे. पावसाळाभर मुख्य भूमीवर चुना खड्ड्यात मुरेल, वाळू धुऊन-चाळून होईल, सुरखी, म्हणजे विटांची पूड, दळून होईल. दसऱ्यानंतर समुद्र निवळला की परांची चढेल आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत काम होईल. एकाच आर्थिक वर्षात सगळा खर्चही बसतो. नियम बदलायची गरज नाही, फक्त फाईल सहा महिने आधी हलायला हवी.

काम किती मोठे असते याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब मांडतो. २४ मीटर उंच आणि सरासरी साडेचार मीटर व्यासाचा गोल मनोरा धरला तर बाहेरचे क्षेत्र सुमारे ३४० चौरस मीटर भरते. त्यावर २० मिलिमीटर चुन्याचा गिलावा करायचा तर जवळपास सात घनमीटर मालमसाला लागेल, म्हणजे ढोबळमानाने बारा टन. तो पंचवीस किलोच्या गोण्यांत भरला तर ४८० गोण्या होतात. लहान होडीतून दीड-दोन टन माल जातो, तेव्हा निव्वळ मसाल्याच्याच सहा ते आठ फेऱ्या. आधीचा सिमेंटचा थर छिन्नी-हातोड्याने काढला की साधारण तितकाच राडारोडा परत आणावा लागतो. ब्रेकर मशीन लावू नये, त्याच्या हादऱ्याने आतले सांधे सुटतात. गिलावा दोन आठवडे ओला ठेवायला दर चौरस मीटरला दिवसाला एक लिटर पाणी धरले तरी पावणेपाच हजार लिटर गोडे पाणी बेटावर न्यावे लागते. अंदाजपत्रकात हे पाणी आणि त्याची वाहतूक स्वतंत्र बाब म्हणून दाखवली नाही तर काम सुरू झाल्यावर पाणी समुद्रातून घेतले जाणार हे नक्की समजावे. वाळूबाबतही हीच सक्त ताकीद हवी. किनाऱ्यावर फुकट पडलेली वाळू मीठ घेऊनच भिंतीत जाते. आपल्याकडे ओरसंग आणि नर्मदेची वाळू मिळते, ती गोण्यांत भरून न्यावी.

कळीचा चुना होडीतून नेऊ नये. लाटेचे पाणी गोणीत शिरले की चुना तिथेच विरू लागतो, गोणी पेटण्याइतकी उष्णता निघते आणि डोळ्यांत उडाला तर नजर जाऊ शकते. विरवलेला, मुरलेला चुना झाकणाच्या पिंपांत वर बोटभर पाणी ठेवून न्यावा. हवा लागली नाही तर तो महिनोन् महिने तसाच मऊ राहतो. मसाल्याचे प्रमाण मूळ भिंतीवरून ठरवावे. मूळ चुन्याचा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की चुना विरघळतो आणि वाळू-सुरखी तळाशी उरते. समुद्रकाठी मात्र एक फसगत होते. जुन्या मसाल्यात शिंपल्यांचा चुरा असेल तर तोही आम्लात विरघळतो आणि चुना खरा होता त्यापेक्षा जास्त असल्याचा निष्कर्ष निघतो. आधी भिंगाखाली पाहावे, मग आम्लात टाकावे. सुरुवातीचा नमुना म्हणून एक भाग चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग नदीची वाळू घेऊन मीटरभर चौकोनी पट्टा भिंतीवर करून पाहावा आणि महिनाभर त्यावर नजर ठेवावी. सुरखी मंद आचेच्या, तांबूस विटांची हवी. जास्त भाजलेल्या काळपट विटांची पूड चुन्याशी बांधली जात नाही.

दरजा भरण्याआधी भिंतीत मीठ किती खोल गेले आहे ते तपासावे. ड्रिलने पहिल्या सेंटिमीटरची पूड वेगळी, एक ते तीन सेंटिमीटरची वेगळी आणि तीन ते पाचची वेगळी घ्यावी. ती ऊर्ध्वपातित पाण्यात घोळवून गाळावी आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून किती दुधाळ होते ते पाहावे. मीठ वरवर असेल तर कोरड्या ब्रशने झाडून कागदाचा लगदा आणि मातीचा ओला लेप लावावा. लेप वाळताना मीठ ओढून घेतो, पूर्ण वाळला की काढावा आणि पुन्हा नवा लावावा. मीठ खोलवर असेल तर पहिला गिलावा बळी जाणार असे गृहीत धरूनच करावा, तो दोन-तीन वर्षांत उतरवून दुसरा करावा. हे अपयश नव्हे. अंदाजपत्रकात आधीच लिहिले असेल तर नंतर कुणावर ठपका येत नाही.

शेवटचा हात चुन्याच्या सफेदीचा, पातळ चार-पाच थर. इथे गिलाव्याइतकीच महत्त्वाची एक गोष्ट आहे. दीपगृहाचा रंग आणि पट्टे ही त्याची दिवसाची ओळख असते, नकाशा आणि नौकानयनाच्या याद्यांत ती नोंदलेली असते. सुशोभीकरणाच्या नावाखाली पट्टे बदलणे किंवा तिरंगी रोषणाई करणे म्हणजे खलाशाला चुकीचा पत्ता देणे. रात्री दीपगृह ओळखले जाते ते झोताच्या रंगावरून आणि दोन झोतांमधल्या वेळेवरून. मनोऱ्यावर रंगीत फ्लडलाईट किंवा एलईडीच्या माळा लावल्या तर ती ओळख पुसट होते.

आता वरच्या काचेच्या खोलीकडे. बहुतेक नुकसान तिथून खाली उतरते आणि त्याची सुरुवात अनेकदा आधुनिकीकरणाने होते. तेलाचा दिवा जळत असे तेव्हा त्याच्या उष्णतेने खालच्या झडपांतून हवा आत येई आणि घुमटावरच्या धुराड्यातून बाहेर पडे. त्या ओढीने मनोरा खालपासून वरपर्यंत कोरडा राही. पुढे वीज आली, मग एलईडी. एलईडीला उष्णता जवळजवळ नाही. माणूसही तिथे राहत नाही, त्यामुळे कबुतरे शिरू नयेत म्हणून झडपा बंद होतात, खिडक्यांना पत्रे ठोकले जातात. मग पहाटे काचेच्या आतल्या बाजूने दव धरते, पाणी पितळी चौकटीतून खाली झिरपते, लोखंडी जिन्याच्या पायऱ्यांवर टपकते आणि तळमजल्याच्या भिंतीला शेवाळ येते. अशा दीपगृहात पाहणीला गेलेला माणूस छत गळते असा शेरा मारतो आणि घुमटावर डांबर ओतले जाते. गळती नसतेच, कोंडलेली हवा असते. खालच्या झडपा उघडून त्यांना स्टीलची बारीक जाळी लावावी, वरचे धुराडे साफ करावे, दर दोन मजल्यांना एक खिडकी पाऊस आत येणार नाही अशा आडव्या फळ्यांची करावी. खर्च काही हजारांचा, गुण लाखांच्या गिलाव्याहून मोठा.

खोलीच्या काचांऐवजी पॉलिकार्बोनेटचे पत्रे बसवू नयेत. ते उन्हाने पिवळे पडतात, वाऱ्यावरच्या वाळूने ओरखडतात आणि झोत मंद होतो. थरांची (लॅमिनेटेड) जाड काच बसवावी.

जिथे फ्रेनेलचे, म्हणजे काचेचे लोलक कड्यांत रचून केलेले, जुने भिंग शिल्लक आहे तिथे ते खोली कोरडी असेल तर जागेवरच राहावे असे आमचे स्पष्ट मत आहे. नवा दिवा बाहेर सज्ज्यावर बसवता येतो. ही भिंगे आकाराप्रमाणे श्रेणींत मोडतात. पहिल्या श्रेणीत दिव्यापासून भिंगाचे अंतर ९२० मिलिमीटर, तिसऱ्यात ५००, चौथ्यात २५०. काचेचे लोलक पितळी चौकटीत शिसेयुक्त पुटीने बसवलेले असतात. ही पुटी वाळून सुटली की लोलक चौकटीत हलतो आणि त्याच्या कडेचे कपचे उडतात. म्हणून आधी पुटी तपासावी, मग साफसफाई. साफ करणाऱ्याने अंगठी, घड्याळ, बटणांचा सदरा काढून सुती एप्रन घालावा. पहिल्यांदा मऊ ब्रशने धूळ झाडावी, कारण मिठाचे कण कोरड्या फडक्याने घासले की काचेवर चरे पडतात. मग ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे थेंब टाकून मऊ सुती कापडाने पुसावे. अमोनियाचा काच-क्लीनर पितळ आणि पुटी दोन्ही खातो. दिवसा पडदे ओढलेले हवेत. हे भिंग सूर्याचे ऊनही तितक्याच ताकदीने एका ठिकाणी गोळा करते आणि आतले वायर-प्लॅस्टिक जाळू शकते.

फिरणारी मोठी भिंगे अनेक ठिकाणी पाऱ्याच्या गोल कुंडावर तरंगतात, त्यामुळे टनावारी वजन बोटाने ढकलता येते. पारा लिटरला १३.६ किलो भरतो आणि खोलीच्या तापमानालाही त्याची वाफ होते. बंद खोलीत ती साठते. पर्यटकांना अशा खोलीत सोडण्याआधी हवेतला पारा मोजलाच पाहिजे आणि भिंग फिरत नसेल तर कुंड प्रशिक्षित माणसांकडून रिकामे करून घेतले पाहिजे. सांडलेला पारा झाडूने गोळा करायला जाऊ नये, त्याचे बारीक मणी होऊन फटींत शिरतात.

लोखंडाचे थोडक्यात सांगतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट होते, त्यामुळे भिंतीत गाडलेला एखादा खिळपट्टा अख्खा दगड उचकटू शकतो. ओतीव लोखंडाचा सज्जा त्याहून फसवा. खाऱ्या पाण्यात त्यातले लोह निघून जाते आणि ग्रॅफाईटचा सांगाडा जसाच्या तसा आकार धरून राहतो. रंगाखाली काही कळत नाही. हातोडीने ठोकून पाहावे, टणत्कार न होता बद्द आवाज आला तर त्या भागावर माणूस उभा करू नये. नवे बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे, आणि जुन्या लोखंडाशी थेट स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर. आकाशातली वीज जमिनीत उतरवणारी तांब्याची पट्टी अखंड आहे ना आणि जमिनीचा रोध दहा ओहमच्या आत आहे ना, हे दर मे महिन्यात मोजावे. कातळावर माती नसते, म्हणून पट्टी ओलाव्यापर्यंत खाली न्यावी लागते. सांध्यांत उगवलेला पिंपळ उपटू नये, दगडासकट येतो. बुंध्याशी कापून खोडात औषध भरावे आणि मुळे मेल्यावर जागा चुन्याने भरावी.

पिरमसाठी दोन वेगळ्या अटी हव्यात. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतले अंतर दहा मीटरच्या घरात जाते आणि पाण्याला ओढ प्रचंड. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जड होडी नेऊ नये. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, भरतीच्या आसपासचे मोजके तास धरून माल उतरवावा. कामगारांचे दिवस तिथीवरूनच आखावे लागतील. दुसरी अट अशी की बेटावरचा एकही दगड-गोटा भरावासाठी उचलू नये. पिरमचा किनारा जीवाश्मांसाठी जगप्रसिद्ध आहे. जिराफाच्या कुळातल्या, आता नामशेष झालेल्या ब्रामाथेरियमचे नाव फाल्कनर यांनी १८४५ मध्ये ठेवले ते इथल्याच अवशेषांवरून, आणि त्याच्या शास्त्रीय नावात पेरिम, म्हणजेच पिरम, बेट आजही आहे. ओहोटीला उघडा पडणारा खडबडीत गोट्यांचा थर ठेकेदाराला खडी वाटेल, पण तो लाखो वर्षांचा दप्तरखाना आहे.

खांदेरीची अडचण वेगळी. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे, दीपगृह केंद्राच्या दीपस्तंभ महासंचालनालयाकडे. परांचीचे पाय तटावर टेकवायचे तर परवानगी कोण देणार? दोन्ही खात्यांचा एक लेखी करार आणि एक संयुक्त नकाशा आधी व्हावा. २०२१च्या सागरी नौकानयन साहाय्य कायद्यात दीपगृहाला वारसा दर्जा देण्याची तरतूद आहे. बेटांवरच्या एकोणिसाव्या शतकातल्या मनोऱ्यांसाठी ती आधी वापरावी. 

पर्यटकांबद्दल एवढेच म्हणू की जिन्यावर एका वेळी सहा-आठ माणसे पुरेत, आणि नवा कठडा हवा असेल तर जुन्या कठड्याला भोके न पाडता आतल्या बाजूने वेगळा उभारावा.

वडोदऱ्याने इथे पुढे यावे असे आम्हाला फार वाटते. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, पुरातत्त्वाचा विभाग आहे, आणि कलाभवनाच्या १८९० पासूनच्या परंपरेतून आलेली अभियांत्रिकी शाखा आहे. भिंतीतले मीठ मोजणे, मसाल्याचे पृथक्करण, पुटीची तपासणी ही कामे इथल्या प्रयोगशाळांत होऊ शकतात. चुन्याची घाणी चालवणारे कडिया, म्हणजे गवंडी, शहरात आता फार थोडे उरले आहेत. एका दीपगृहाच्या कामावर त्यांच्या हाताखाली दहा तरुण ठेवले तर पुढच्या दीपगृहाला माणसे शोधावी लागणार नाहीत.

येत्या हंगामात काम व्हायचे असेल तर पाहणीचा अहवाल मेअखेर, टेंडर जुलैत, चुना ऑगस्टमध्ये खड्ड्यात आणि पहिली होडी दसऱ्यानंतरच्या पहिल्या भांगात सुटायला हवी. हे वेळापत्रक दोन्ही खात्यांच्या संकेतस्थळांवर प्रसिद्ध व्हावे आणि दर महिन्याला काय झाले, काय राहिले याची नोंद त्यापुढे व्हावी, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपले,
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करणारे काही वाचक
दांडिया बाजार, वडोदरा